मूल म्हणतंय ‘वकील व्हायचंय’: दहावी ते बारावीच्या दोन वर्षांत हे कसं तपासावं? साताऱ्यातल्या पालकांसाठी

"आमचं पोरगं लई बोलतंय, कुणाला हार जात नाही. वकीलच करतो बघा." निकालाच्या दिवसांत हे वाक्य साताऱ्यात दर वर्षी ऐकू येतं. दुसरं वाक्य असं: "पोरगी हुशार आहे, पण गणित-सायन्स नको म्हणते. मग लॉ बरं ना?"

मी इथं वकिली करते, त्यामुळं हे प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचतात. बोलकेपणावरून किंवा गणिताच्या कंटाळ्यावरून हा निर्णय घेऊ नका, असं मी दोघांनाही सांगते. वकिलाच्या दिवसात बोलणं थोडं असतं, वाचणं-लिहिणं भरपूर, आणि ताटकळणं त्याहून जास्त. दुसऱ्याचं भांडण शांतपणे ऐकून घेणारं, त्याचे कागद चिकाटीनं वाचणारं मूल या क्षेत्रात रमतं. असं मूल घरात गप्प गप्पही असू शकतं. आपलं मूल तसं आहे का, हे तपासायला दहावीनंतर चांगली दोन वर्षं मिळतात. ज्यांच्या घरात, भावकीत कुणी वकील नाही, त्यांनी ती दोन वर्षं कशी वापरावीत ते पुढं लिहिते आहे.

पहिली पायरी: घाई कशाची आहे आणि कशाची नाही

दहावीनंतर लगेच कायद्याची पदवी सुरू होत नाही. बारावी करावीच लागते. त्यानंतर दोन वाटा आहेत. बारावीनंतर ५ वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, म्हणजे बीए एलएलबी किंवा बीबीए एलएलबी. किंवा आधी कोणतीही पदवी आणि त्यानंतर ३ वर्षांचं एलएलबी. वकिलीची सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, दोन्हीकडून सारखीच मिळते. कोर्टात उभं राहिल्यावर न्यायाधीश कुणालाही ‘तुमचं तीनचं की पाचचं’ असं विचारत नाहीत.

५ वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीत खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, ओबीसींसाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. शाखा कोणतीही चालते. म्हणून अकरावीला आर्ट्स घ्यायचं की कॉमर्स की सायन्स, याचा निर्णय ‘लॉ’ डोळ्यांसमोर ठेवून करण्याची गरज नाही. मुलाला जे विषय मनापासून वाचावेसे वाटतात ते घेऊ द्या. सायन्सची मुलं कायद्यात चांगली रुळतात, आर्ट्सची इतिहास-राज्यशास्त्रामुळं पहिल्या दोन वर्षांत थोडी आधी सरावतात, एवढाच फरक. आणि गणित टाळायचं म्हणून लॉ घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की प्रवेश परीक्षेत दहावीच्या पातळीचं थोडं गणित असतंच.

दुसरी पायरी: कोर्ट दाखवा

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मूल वकील होणार का हे ठरवायचं असेल तर मात्र ती आधी चढावी लागते, आणि तीही स्वतःचं काही काम नसताना.

आपल्याकडं न्यायालयाचं कामकाज सर्वसाधारणपणे खुलं असतं. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात, किंवा जवळ पडत असेल तर कराड, वाई, फलटण, वडूजच्या न्यायालयात, कामाच्या दिवशी सकाळी मुलाला घेऊन जा. एकट्याला पाठवू नका. अल्पवयीन मूल एकटं दिसलं की दारातच चौकशी होते आणि बिचारं बावरतं. फोन बंद ठेवा. फोटो, रेकॉर्डिंग अजिबात नाही. मागच्या बाकावर बसा. बलात्काराचे, पोक्सोचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे) खटले बंद दाराआड चालतात, तिथं बाहेर थांबायला सांगितलं तर निमूट बाहेर या. ओळखीचे वकील असतील तर आदल्या दिवशी विचारा, "उद्या कुठल्या कोर्टात पुरावा आहे?" नुसत्या तारखा पडणाऱ्या कोर्टापेक्षा साक्षीदार तपासला जात असेल ते कोर्ट मुलाला जास्त दाखवतं.

काय बघायचं? बाहेर लावलेला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. बेलिफाचा पुकारा. पुकारा झाला तरी पक्षकार चहाच्या टपरीवर असतो आणि ज्युनियर त्याला शोधत धावतो. मग उलटतपास. समजा बांधाचा दावा आहे. वकील विचारतात, "बांधावरचं आंब्याचं झाड कुणी लावलं?" साक्षीदार म्हणतो, "आमच्या आज्यानं." न्यायाधीश ते उत्तर टंकलेखकाला सांगतात, ते टाइप होतं, तोवर सगळे थांबतात. पुढचा प्रश्न: "तुमचे आजोबा कधी वारले?" पुन्हा उत्तर, पुन्हा टाइप. असे चाळीस प्रश्न, आवाज न चढवता. त्यातला एखादाच निकालाच्या कामाला येतो, आणि तो कोणता असेल हे वकिलानं आदल्या रात्री मोजणीचा नकाशा आणि जुने फेरफार (सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी) वाचून ठरवलेलं असतं. सिनेमातलं कोर्ट डोक्यात असलेल्या मुलाला हे संथ वाटेल. वाटू द्या.

घरी येताना ‘आवडलं का?’ असं विचारू नका. ‘काय बघितलंस?’ असं विचारा. ‘बोअर झालं’ एवढंच म्हणालं तरी तो काही शेवटचा निकाल नाही, आणखी एकदा वेगळ्या कोर्टात न्या. पण "त्या म्हाताऱ्याला वकिलांनी झाडाचं का विचारलं असेल?" असा प्रश्न मुलानं आपणहून काढला, तर त्याच्या मनात काहीतरी हललं आहे असं समजा.

राष्ट्रीय लोकअदालतीचा दिवसही बघण्यासारखा असतो. वर्षानुवर्षं न बोललेले दोन भाऊ समोरासमोर बसून तडजोडीवर सही करतात, हे वकिलीचंच काम आहे आणि माझ्या मते फार मोलाचं आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं. महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे मुलाला तिथं प्रत्यक्ष कळतं. तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगून प्राधिकरणाचं कायदेविषयक शिबिर शाळेत भरवता येतं. त्यासाठी साधं पत्र द्यावं लागतं.

तिसरी पायरी: घरचा सातबारा मुलाच्या हातात द्या

सगळ्या चाचण्यांमध्ये माझा सर्वांत जास्त भरवसा या एका गोष्टीवर आहे. आपल्या जिल्ह्यात बहुतेक घरांचं कुठं ना कुठं जमिनीशी नातं आहे. नसेल तर मामाच्या गावचा उतारा घ्या. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा दिसतो, जुने फेरफार गावच्या तलाठी कार्यालयात नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात.

मुलाला एवढंच सांगा: "या सातबाऱ्यावर आज जी नावं आहेत, ती कशी आली ते शोधून काढ आणि एका पानात लिही."

आता बघा काय होतं. सातबाऱ्यावर नावाजवळ फेरफार क्रमांक असतो. तो घेऊन मूल फेरफाराची नोंद काढतं. तिथं लिहिलेलं असतं, अमुक खातेदार मयत, वारस म्हणून मुलगे तीन. किंवा एखाद्या थोरल्या भावाच्या नावामागं ‘ए.कु.मॅ.’ असं दिसतं. मूल विचारतं, हे काय? एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्यांची, नाव एकाचं. मग ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीचा बोजा दिसतो, विहिरीतला हिस्सा दिसतो, कधी कुळाचं नाव दिसतं. आणि चौकस मूल असेल तर ते इथं थबकतं: "आजोबांना तीन मुलं होती, पण दोन आत्याही आहेत ना? त्यांची नावं कुठं गेली?"

या एका प्रश्नात कायद्याचं अख्खं एक सत्र दडलेलं आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ साली केली, केंद्रानं हिंदू वारसा कायद्यात ती २००५ साली आणली, आणि ‘वडील तेव्हा हयात होते का’ हा वाद सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मुलींच्या बाजूनं मिटवला. आत्यांनी हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर तो वेगळा दस्त, तोही शोधावा लागेल. शिवाय सातबाऱ्यावरची नोंद म्हणजे मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. ती महसुलासाठीची नोंद आहे, मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात सुटतो.

पालकांना एक विनंती आहे. मूल आत्यांचं विचारायला लागलं की काही घरांत वातावरण गढूळ होतं. "तुला काय करायच्यात नसत्या चौकश्या?" असं म्हणू नका. मूल घरातला वाद उकरत नाहीये, कागद वाचतंय.

एक पान लिहून झालं की ते वाचा. अक्षर, शुद्धलेखन सोडा. घडलं त्या क्रमानं लिहिलंय का? ऐकीव गोष्ट आणि कागदावरची गोष्ट वेगळी ठेवलीय का? ‘हे मला कळलं नाही’ असं कुठं लिहिलंय का? ज्या मुलानं असं लिहिलं असेल, त्याला वकील होण्याबद्दल मी बिनधास्त उत्तेजन देईन. आणि चार दिवस कागद तसाच पडून राहिला, तर तेही उत्तरच आहे. रागवू नका.

चौथी पायरी: नियम एक, बाजू दोन

ही चाचणी जेवणाच्या ताटावर बसल्या बसल्या होते. मुलाला एक नियम सांगा: भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणं १८ वर्षांखालच्या व्यक्तीनं केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. मग प्रसंग सांगा: १७ वर्षांच्या मुलानं वय १८ आहे असं खोटं सांगून दुकानातून हप्त्यावर मोबाइल घेतला. हप्ते थकले. दुकानदार कोर्टात गेला. त्याला थकलेले पैसे मिळतील का?

बहुतेक मुलं ताडकन म्हणतात, "त्यानं खोटं सांगितलं, मग द्यायलाच पाहिजेत." तेव्हा नियम पुन्हा वाचायला लावा. करारच नाही, तर कराराचे हप्ते कुठून वसूल करणार? प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वांत वरच्या न्यायालयानं, १९०३ मध्ये मोहरीबीबीच्या खटल्यात अल्पवयीनाला दिलेलं कर्ज वसूल होऊ दिलं नव्हतं. मग पुढं विचारा, "बरं, पण मोबाइल तर त्याच्याकडं अजून आहे?" वस्तू जशीच्या तशी हातात असेल तर ती परत करायला न्यायालय सांगू शकतं. इथं मुलाच्या चेहऱ्याकडं बघा. त्यानंतर बाजू बदला: आत्तापर्यंत दुकानदाराचा वकील असलेल्या मुलाला मोबाइलवाल्याच्या बाजूनं बोलायला लावा. जे मूल बाजू बदलताना चिडतं, ‘पण तो चुकीचाच आहे ना!’ यावरच अडून बसतं, त्याची न्यायबुद्धी चांगलीच आहे. पण स्वतःला न पटणाऱ्या बाजूची सर्वांत चांगली मांडणी करून बघण्याची तयारी त्याला मुद्दाम कमवावी लागेल. दोन-चार महिन्यांत ती येते का बघा.

प्रवेश परीक्षेतले कायदेविषयक प्रश्न याच धर्तीचे असतात, हा वरचा फायदा.

पाचवी पायरी: ज्युनियर वकिलाशी बोला

पालक नेहमी नावाजलेल्या सिनियरकडं मुलाला घेऊन जातात. सिनियर आदरानं बोलतात, आशीर्वाद देतात, मूल भारावून परत येतं. त्यापेक्षा सनद मिळून तीन-चार वर्षं झालेल्या, घरात कुणी वकील नसलेल्या ज्युनियरला भेटा, आणि त्यातही मुलगा असेल तर एक दादा, मुलगी असेल तर एक ताई शोधा. मुलाला स्वतः विचारू द्या: दादा, काल दिवसभर काय केलंत? पहिली स्वतःची केस कधी मिळाली? पहिल्या वर्षी घरखर्च कसा भागवलात? पुन्हा निवडायचं झालं तर?

पैशाचं खरं बोलायला हवं. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी वकिलीची पहिली काही वर्षं ओढाताणीची जातात. सिनियरकडं ज्युनियरला मिळणारी रक्कम सिनियरच्या मनावर असते. बार कौन्सिल ऑफ इंडियानं, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेनं, ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली, पण ती शिफारसच आहे, सक्ती नव्हे. म्हणून घरात आधीच बोला: पदवीनंतर दोन-तीन वर्षं मुलाला आधार देणं आपल्याला जमेल का? जमणार नसेल तर लॉ नको असं मुळीच नाही. मग नोकरीच्या वाटा जास्त बारकाईनं बघाव्या लागतील, त्या पुढं सांगते.

घरात कुणी वकील नाही याची मुलं फार धास्ती घेतात. आपल्या साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकरांचं नाव चढलं. त्यांच्याही घरात कुणी वकील नव्हतं. पुढं ते बॅरिस्टर झाले, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि देशाच्या संविधानाचा मसुदा त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं केला. ७ नोव्हेंबर राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मुलाला त्या शाळेपाशी घेऊन जा, भाषण न देता.

मुलींच्या आईवडिलांना कोर्टाच्या वातावरणाची काळजी वाटते. ती काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. उशिरापर्यंत ऑफिसात बसणं, पक्षकारांबरोबर तालुक्याला जाणं हे या कामात आहे, आणि कोणत्या सिनियरकडं काम शिकायचं हे मुलीनं चौकशी करूनच ठरवावं. पण आज आपल्या जिल्ह्यात महिला न्यायाधीश आहेत, सरकारी वकील आहेत, आणि पोटगी, कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत पक्षकार बाई आपलं दुखणं आधी वकील ताईजवळ मोकळेपणानं बोलते, हे मी रोज बघते. मुलीची इच्छा असेल तर केवळ ‘मुलगी आहे’ म्हणून अडवू नका.

सहावी पायरी: काळ्या कोटापलीकडं काय काय आहे

इथल्या वकिलाकडं येणारं काम म्हणजे वाटपाचे दावे, बांध-रस्त्याची भांडणं, चेक न वटल्याची १३८ची प्रकरणं, महामार्गावरच्या अपघातांचे नुकसानभरपाईचे दावे, कोयना धरणग्रस्तांचे जमिनीचे प्रश्न, सोसायट्यांची वसुली. शेतरस्ता अडवला तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडं दाद मागता येते, तिथंही वकील लागतो. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता तिथं चालतात. हायकोर्टात काम करायचं तर मुंबईत खोली घेणं भाग होतं, आता साताऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर ते काम आहे. आज दहावीत असलेल्या मुलांना याचा फायदा आमच्या पिढीपेक्षा खूप जास्त होणार आहे. खालच्या कोर्टात मराठी चालते, उच्च न्यायालयात मात्र इंग्रजी. त्यामुळं मराठी माध्यमाच्या मुलांनी घाबरू नये, पण इंग्रजी वाचनही सोडू नये. रोज इंग्रजी पेपरचं एक संपादकीय, डिक्शनरी शेजारी ठेवून, एवढं दोन वर्षं केलं तरी पुरे.

न्यायाधीश व्हायचंय म्हणणाऱ्या मुलांना एक गोष्ट आत्ताच सांगा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान ३ वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. पदवी हातात पडली की थेट परीक्षा देऊन जज, असं सांगणाऱ्या जुन्या जाहिरातींवर जाऊ नका. आपल्याकडं ही परीक्षा एमपीएससी घेते.

नोकरीच्या वाटा: सहायक सरकारी अभियोक्ता, बँकांमधले विधी अधिकारी, कंपन्यांचे कायदा विभाग. सैन्यात जाण्याची परंपरा असलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या, अपशिंग्यासारख्या गावांतल्या मुलांना लष्कराची जॅग, म्हणजे कायद्याचं काम बघणारी शाखा माहीत असायला हवी. तिथं कायद्याचे पदवीधर थेट अधिकारी म्हणून घेतले जातात आणि त्यासाठी पदवीला किमान ५५ टक्के लागतात. यशवंतराव चव्हाणांनीही कायद्याची पदवी घेऊन कराडला काही काळ वकिली केली आणि पुढं राजकारणातच राहिले. पदवी वाया जात नाही, एवढं यातून मुलाला कळलं तरी बास.

सातवी पायरी: परीक्षा, कॉलेज, कागदपत्रं

राज्यातल्या विधी महाविद्यालयांसाठी सीईटी सेलची एमएएच लॉ सीईटी असते, साधारण एप्रिल-मेच्या सुमारास. वेळ दोन तास, सगळे प्रश्न पर्यायांचे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि प्रश्नपत्रिका मराठीतही असते. कायदेविषयक कल, तर्क, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी, इंग्रजी आणि थोडं गणित. त्यानंतर केंद्रीय प्रवेश फेऱ्या.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असते. १२० प्रश्न, दोन तास, फक्त इंग्रजी, चुकीला पाव गुण वजा. ही परीक्षा आता बारावीचं वर्ष चालू असतानाच डिसेंबरमध्ये होते आणि फॉर्म जुलै-ऑगस्टमध्ये निघतात, त्यामुळं बारावीनंतर बघू म्हणणाऱ्यांची संधी आधीच निघून जाते. महाराष्ट्रात अशी विद्यापीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं आहेत. क्लॅटची तयारी म्हणजे मुख्यतः वाचनाचा वेग. ती अकरावीपासून सुरू करावी लागते. राज्याच्या सीईटीसाठी मात्र महागडा क्लास लागतोच असं मला वाटत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका, रोजचा पेपर आणि शिस्त पुरते.

जवळची कॉलेजं: साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज, सांगलीत एन. एस. सोटी लॉ कॉलेज, कोल्हापुरात शहाजी लॉ कॉलेज. पुण्याचं आयएलएस आणि मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय जुनी, मोठी नावं. कोणत्याही कॉलेजात पैसे भरण्याआधी त्या वर्षासाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, ते बघा. तोंडी आश्वासन नको, कागद बघा. आणि वर्गात बसून या: तास होतात का, मूट कोर्ट (सरावासाठी चालवलेला लुटुपुटीचा खटला) होतं का, ग्रंथालयात मुलं दिसतात का. ७० टक्के हजेरीचा नियम आहे आणि ५ वर्षांत किमान २० आठवडे इंटर्नशिप करायची असते. ‘नाव घाला आणि परीक्षेला या’ असं सांगणाऱ्या ठिकाणापासून लांब राहा.

कागदपत्रांवाचून दर वर्षी मुलांचे प्रवेश अडतात, म्हणून हे अकरावीतच करा. जात प्रमाणपत्र असेल तर जात पडताळणीचा अर्ज लगेच, कारण समितीकडं वेळ लागतो. नॉन क्रीमी लेयर, ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला यांच्या मुदती तपासा. डोमिसाइल काढून ठेवा. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवर नाव एकसारखं आहे ना, ते अक्षर न अक्षर बघा. शिष्यवृत्त्या महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. त्याच मर्यादेत ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून केंद्रीय प्रवेशातून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कॉलेजच्या ऑफिसात हे नाव घेऊन विचारा.

शेवटच्या टप्प्याचा खर्चही कळू द्या. सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून मिळते. नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गासाठी ७५०, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ रोजी दिला. शिवाय अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. ती मराठीतही देता येते.

शेजारच्या दादाची जुनी पुस्तकं मिळाली तर ती कोणत्या कायद्याची आहेत ते बघून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. खुनाचं ३०२ कलम आता १०३ झालं आहे. जुने खटले जुन्याच कायद्यानं चालू आहेत, त्यामुळं पुढं दोन्ही शिकावे लागतील, पण सुरुवात नव्यापासून होऊ द्या.

आठवी पायरी: पाच की तीन, हो की नाही

माझं मत विचाराल तर, वरच्या चाचण्यांत ज्या मुलानं आपणहून रस घेतला, पान लिहून दिलं, दुसऱ्यांदा कोर्टात येतो म्हणालं, त्यानं बेलाशक ५ वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा. एक वर्ष वाचतं आणि वळण लवकर लागतं. ज्या मुलाला कायदा आवडतोय, पण शेती, बँकिंग, इंजिनीअरिंग, पत्रकारिता असलं दुसरंही काही खुणावतंय, त्यानं आधी त्या विषयाची पदवी घ्यावी. कृषी पदवीधर झालेला वकील जमिनीच्या दाव्यात किंवा हिशेब कळणारा वकील सोसायटीच्या प्रकरणात किती पुढं असतो, हे बार रूममध्ये कुणालाही विचारा.

निर्णयाच्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी एकदम बोलू नये. आजोबांची हौस, काकांचा अपुरा राहिलेला लॉ, चुलत भावाशी तुलना हे त्या दिवसापुरतं बाजूला ठेवा. मुलाला विचारा, "दोन वर्षांत जे बघितलंस त्यातलं काय रोज करायला आवडेल?" उत्तरात कुठलीच ठोस गोष्ट आली नाही, नुसतं ‘मान असतो’, ‘पैसा असतो’ एवढंच आलं, तर थांबा. थांबलं म्हणजे दार बंद झालं असं होत नाही. कोणत्याही पदवीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के असले की ३ वर्षांच्या एलएलबीची सीईटी देता येते, पदवीचं शेवटचं वर्ष चालू असतानाही देता येते, आणि सीईटीला वयाची अट नाही.